आर्विलने मांस गुंडाळलं तो रविवार

आर्विल प्रेस्नेल डुकराचा खांदा धुरावर शिजवायचा तो उघडाच. पहाटे हिकरीची लाकडं पेटवायची, त्यांचे निखारे झाले की खांदे जाळीवर मांडायचे, झाकण टाकायचं, आणि मग दिवस मावळून दुसरा उजाडला तरी बेहत्तर, मांसाला कागदाचा कपटा म्हणून लागू द्यायचा नाही. त्याच्या वडिलांचीही तीच रीत. घरामागची धुराची भट्टी त्यांनीच बांधलेली. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या चार भिंती आणि वर पत्र्याचं जड झाकण, एवढीच ती. अॅल्युमिनियम फॉइलच्या कागदात गुंडाळलेलं मांस म्हणजे उकडलेलं मांस, असं आर्विल म्हणायचा आणि म्हणताना हमखास ओढ्यापलीकडे बघायचा.

कारण ओढ्यापलीकडे डेन्झिल हॉयल राहायचा, आणि डेन्झिल गुंडाळायचा. ऑक्टोबरात चर्चचं मोठं जेवण असायचं, तेव्हा दोघांच्या पराती टेबलाच्या दोन टोकांना ठेवायच्या हे आम्हा बायकांचं ठरलेलंच होतं. जवळ ठेवल्या की दोघं लोकांना जेवू देत नसत.

"आजही रेनकोट घालूनच आणलंस का त्याला?" आर्विल विचारायचा.

"तुझा खांदा शिजेस्तोवर माझी दाढी वाढते रे," डेन्झिल म्हणायचा. "एकदा करून झाली की दुसऱ्यांदा."

हे भांडण नव्हतं. तरुणपणी दोघं एकाच लाकूड कापायच्या गिरणीत होते, आर्विल करवतीवर आणि डेन्झिल ओंडक्याच्या गाड्यावर. त्या करवतीपुढे माणसाचा आवाज चालत नसे, म्हणून गिरणीतली माणसं हातांनी बोलायची. किती जाड कापायचं, ओंडका कसा वळवायचा, थांब, पुढे घे, सगळं बोटांवर. गिरणी कधीच बंद पडली. दोघांनाही एका कानाने ऐकू येत नाही, ही तिथलीच कमाई.

मी रोवेना. आर्विलच्या घराच्या वरच्या अंगाला माझं घर आहे. या डोंगरांत टपाल वाटण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे कुणाच्या दारात किती कुत्री आहेत हे मला त्या घरच्या माणसांपेक्षा जास्त माहीत. आर्विल, त्याची बायको ग्लेना आणि मी एकाच शाळेतले. त्या सप्टेंबरात जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगते.

वादळ समुद्रावरून निघालं होतं. आमच्या डोंगरांत चढेस्तोवर दमेल, असं सगळ्यांना वाटलं. त्याआधीच दोन दिवस पाऊस लागून राहिला होता आणि जमीन आणखी थेंबभर पाणी घेईना. शुक्रवारी उजाडताना मी स्वयंपाकघरात उभी होते, तर फरशी थरथरत होती. लॉरेल फोर्क म्हणजे उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी असलेला आमचा ओढा. त्या सकाळी त्यातून पाण्याचा आवाज येतच नव्हता. दगडांचा येत होता. पिकअपएवढे धोंडे तळातून गडगडत चालले होते आणि त्यांचा हादरा जमिनीतून माझ्या पायांत चढत होता.

पूल गेला तो मी पाहिला. तो मोडला नाही. वर उचलला गेला, जरासा वळला आणि कुणी दार हलकेच ओढून घ्यावं तसा दिसेनासा झाला. त्याच्यामागून विजेचे खांब गेले, आर्विलची लाकडांची शेड गेली, आणि ओढ्याकाठी एल्डन आणि मर्ना वाइझमन या नवराबायकोचं चाकांवरचं घर होतं, तेही गेलं. खिडकीतला दिवा तेवढा क्षणभर दिसला. विजेवरचा नसणार, बॅटरीचा असेल. मी खिडकीपासून मागे झाले ती दुपारपर्यंत पुन्हा तिकडे गेले नाही.

शनिवारी आभाळ इतकं निळं निघालं की राग यावा. पाऊस नाही, वारा नाही. समोरच्या डोंगराचा एक अख्खा पट्टा सोलून निघाला होता आणि तिथली तांबडी माती उन्हात ओली चकाकत होती. हवेला उपटलेल्या पाइनचा वास येत होता. ओढा आता ओढा राहिला नव्हता. फुटबॉलचं मैदान आडवं मावेल एवढ्या रुंदीची तपकिरी गर्जना आमच्या नि पलीकडच्यांच्या मध्ये वाहत होती. आमच्या बाजूची घरं उंचावर होती, ती वाचली. पलीकडची खालच्या अंगाला होती. तिथे उभं होतं फक्त टेकाडावरचं पांढरं चर्च.

फोन बंद, वीज नाही, रस्ता वरही तुटला नि खालीही. आम्ही सगळे काठावर गेलो आणि ओरडलो. आपलं ओरडणं आपल्यालाच ऐकू येईना.

दुपारी पलीकडच्या काठावर डेन्झिल आला. छातीपर्यंत चिखल, डोक्यावर तीच जुनी हिरवी टोपी. तो आला नि नुसता उभा राहिला. ग्लेनाने माझा दंड धरला तो इतका घट्ट की पुढे आठवडाभर तिथे निळा डाग होता. आर्विल पाण्याच्या अगदी जवळ गेला आणि त्याने उजवा हात वर केला. पलीकडे डेन्झिलने डावा केला. मग दोघांची बोटं चालू लागली.

गिरणीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या दोघांना असं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते. एकमेकांना चिमटे काढणारी ती दोन तोंडं मिटलेली होती आणि हात मात्र भराभर, न अडखळता, तरुण माणसांच्या हातांसारखे चालले होते. मध्येच आर्विल थांबायचा, आम्हाला सांगायचा. वीसेक माणसं चर्चमध्ये आहेत. डेन्झिलची बायको ओमा हिचा पाय मोडलाय, पण ती शुद्धीवर आहे. प्यायला झऱ्याचं पाणी आहे. खायला चर्चच्या कपाटातली प्रभुभोजनाची बिस्किटं आणि द्राक्षाचा रस. वाइझमन नवराबायकोचं आर्विलने विचारलं तेव्हा डेन्झिलचा हात खाली गेला आणि बराच वेळ खालीच राहिला.

आमच्याकडे गंमत उलटी होती. खायला ढीग होता आणि तो नासत होता. आमच्या डोंगरात शरद ऋतू लागताना सगळ्यांच्या फ्रीझरमध्ये डुक्कर असतं. वीज जाऊन दोन दिवस झाले तसे ते फ्रीझर गळायला लागले. रविवारी उजाडायच्या आत ग्लेना घरोघर फिरली आणि ज्याच्या त्याच्याकडचे खांदे चादरीत घालून घेऊन आली. आठ की नऊ होते. आर्विलने ते ओट्यावर मांडले, मीठ-मिरी-साखर चोळली आणि भट्टी पेटवली. शेड वाहून गेली तरी ओसरीवर हिकरीची एक रास शिल्लक होती. पुरेल, असं तो म्हणाला.

धूर आधी सरळ वर चढला. मग दरीतली थंड हवा हलली तशी त्याने मान वळवली आणि तो पाण्यावरून पलीकडे गेला. थोड्याच वेळात चर्चच्या पायऱ्यांवर माणसं दिसू लागली. एक-एक करत बाहेर आली आणि सगळी आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. कुणी हात हलवला नाही, कुणी काही मागितलं नाही. नुसती उभी होती, श्वास घेत. काठावर एका धोंड्यावर डेन्झिल बसला होता तो सकाळपासून हललाच नव्हता.

दुपारपर्यंत सगळं आर्विलच्या मनासारखं चाललं. खांद्यांना गडद, महोगनीच्या लाकडासारखा रंग आला, वर खरपूस साल धरली. आणि मग मांसाची उष्णता दाखवणारा भट्टीवरचा काटा थांबला.

ज्याने धुरावर मांस शिजवलंय त्याला हे ठाऊक असतं. एकशे साठ फॅरनहाइटच्या आसपास मांस घाम गाळायला लागतं. खाली आग असते, पण घामाने ते स्वतःला गार ठेवतं, जसं आपलं अंग उन्हात राहतं. तासन् तास काटा जागचा हलत नाही. लाकूड घाला, घालत राहा, तो तिथेच. एरवी आर्विलला हा वेळ फार आवडायचा. खुर्ची टाकून बसायचा, भट्टीशी बोलायचा. मांस विचार करतंय, त्याला करू द्यावा, असं म्हणायचा. त्या दिवशीही तो खुर्चीत बसला. पण ओसरीवरची रास उतरत होती आणि काटा चढत नव्हता.

आम्ही इकडून तिकडून लाकूड आणलं. पडलेलं सफरचंदाचं झाड होतं, ते ओलं. कुणी जुन्या पलंगाचे पाय आणले, त्यांवर रंग. आर्विलने सगळं परत पाठवलं. ओल्या लाकडाचा धूर कडू होतो आणि रंग तर विषच.

ग्लेना बाहेर आली.

"आर्विल, लाकडं बघ."

"बघितली."

"काटा बघ."

"तोही बघितला."

ती आत गेली आणि फॉइलचं बंडल घेऊन आली. त्याच्या शेजारी बाकावर ठेवलं. आर्विलने बंडलाकडे पाहिलं, मग पाण्यापलीकडच्या पायऱ्यांकडे. तिथे एक बाई खांद्यावर तान्हं मूल घेऊन मागे-पुढे झुलत होती. आर्विल उठला, तेव्हा माझ्या मनात आलं की आता हा काहीतरी टोमणा मारेल आणि मोकळा होईल. तो म्हणाला, "मला येत नाही हे, ग्लेना. मी कधी केलंच नाही."

पोहता न येणारा माणूस नदीकाठी उभा राहून सांगतो ना, तसं सांगितलं त्याने.

तरी त्याने एक करून पाहिला. कागद ओढला, खांदा त्यावर ठेवला, कडा वर घेतल्या. खांद्याचं हाड कागदातून बाहेर आलं. रस निखाऱ्यांवर सांडला, चर्रर झालं आणि राखेचा ढग उठला. दुसऱ्यांदा कागद इतका सैल बसला की आत मूठभर हवा राहिली. रस म्हणजे मांसाचा जीव, तो असा राखेत जाताना बघून आर्विलचे हात थांबले. मग त्याने बंडल काखेत मारलं आणि ओढ्याकडे निघाला. आम्ही त्याच्यामागे.

काठावर पोचून त्याने हात वर केला. डेन्झिल धोंड्यावरून उठला. आर्विलने बंडल उंच धरून दाखवलं. उन्हात ते चकाकलं. मग एका हाताने त्याने काय विचारलं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी वाट बघत होते ती हसण्याची. डेन्झिल आता गुडघ्यांवर थापा मारून हसेल, सगळ्या चर्चला बोलावून सांगेल, आणि खरं सांगायचं तर त्याला तेवढा हक्क होता. डेन्झिल हसला नाही. मग त्याने टोपी काढून धोंड्यावर ठेवली, अंगातला शर्ट काढला आणि खाली खडकावर पसरला. गार वारं होतं. त्याचं पांढरं पोट आम्हाला इथून दिसत होतं. पुरात वाहून आलेला खांद्याएवढा एक ओंडका त्याने उचलला, शर्टाच्या मध्यावर ठेवला आणि आमच्याकडे बघितलं. बघताय ना?

आर्विलने मान हलवली. त्याने काठावरचा एक गोटा घेतला, फॉइल अंथरलं.

डेन्झिलने जवळची कड उचलून ओंडक्यावर टाकली आणि तळहातांनी दाबून आतली हवा काढली. मग बाजू आत मुडपल्या. मग ओंडका पुढे गडगडवला, ओढून, घट्ट, जसं थंडीत बाळाला दुपट्यात बांधतात. बोट आभाळाकडे केलं. शिवण वर राहिली पाहिजे, म्हणजे रस गळणार नाही. दोन बोटं दाखवली. एक नाही, दोन थर. मूठ ओंजळीसारखी करून थोडं ओतल्याचं दाखवलं. आत जरासा ओलावा घाल. आर्विलने गोटा गुंडाळला आणि उंच धरला. डेन्झिलने हात आडवा फिरवला. परत. आर्विलने सोडला, परत गुंडाळला. परत. गिरणीत चूक झाली तर माणसाचा हात जायचा. तिथे ज्याने शिकवलं तो चुचकारत नसे. आर्विलचं कपाळ घामाने डबडबलं होतं, पण एकदाही त्याने डेन्झिलवरून नजर काढून दुसऱ्या कुणाकडे पाहिलं नाही.

चर्चमधली सगळी माणसं आता डेन्झिलच्या मागे येऊन उभी राहिली होती. इकडे आम्ही. मध्ये ते पाणी, झाडं घेऊन चाललेलं, घरांचे तुकडे घेऊन चाललेलं, आणि त्याच्या दोन्ही काठांना दोन म्हातारे, एक उघडा, एक गुडघ्यांवर, दगड आणि ओंडके बांधत बसलेले. त्या आवाजात कानाजवळ बोललेलं ऐकू येत नव्हतं. तरी माझ्या आयुष्यात मी इतकी शांतता अनुभवलेली नाही. प्रार्थनेत मी अनेकदा डोळे मिटून बसले आहे आणि मनात मात्र किराणा चालू असतो. त्या काठावर माझ्या मनात काहीच नव्हतं.

डेन्झिलने शेवटी तळहात खाली करून हळूच दाबला. बरोबर.

मग आर्विल जवळजवळ धावतच परतला. प्रत्येक घरातून फॉइल आलं, वापरलेलं, धुऊन घडी केलेलं, काय वाटेल ते. ग्लेनाने व्हिनेगरमध्ये थोडा सफरचंदाचा रस घालून दिला. आर्विलने एक-एक खांदा भट्टीतून काढला आणि गुंडाळला. हवा दाबून काढली, दोन थर, शिवण वर. शेवटच्याला फॉइल उरलं नाही, तो किराण्याच्या तपकिरी कागदी पिशव्या फाडून त्यांत बांधला. झाकण टाकलं. आर्विल काट्यासमोर उकिडवा बसला आणि आम्ही त्याच्या पाठीमागे.

काटा हलला.

बघता बघता हलला असं नाही, पण एखादा थकलेला माणूस जिन्याची पायरी चढतो तसा एक पायरी चढला. थांबला. मग दुसरी. आर्विलने एक लाकूड उचललं, आगीत टाकायला नेलं आणि परत राशीवर ठेवलं. गरज नव्हती. जी आग मघाशी हरत होती तीच आता पुरत होती, आणि मांसाने आता फक्त स्वतःची ऊब धरून ठेवली होती. हे इतकं साधं आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. डेन्झिलने त्याला वर्षानुवर्षं सांगितलं होतं. पण सांगितलेलं वेगळं आणि डोळ्यांसमोर काटा चढताना बघणं वेगळं.

मांस पलीकडे न्यायला दोर टाकायचं काम माझ्याकडे आलं. हरणाच्या शिकारीला मी अजून धनुष्य घेऊन जाते. बाणाला गळाची बारीक दोरी बांधली. पहिला बाण पाण्यात पडला आणि गेला. दुसरा पलीकडच्या मेपलच्या खोडात रुतला. डेन्झिलने गळाची दोरी ओढली, तिच्यामागून कपडे वाळत घालायची दोरी गेली आणि तिच्यामागून आर्विलचा जाड दोर. आमची बाजू उंच होती, त्यामुळे दोर तिकडे उतरता लागला. शिकार टांगायची कप्पी मी घरून आणली.

ऊन कलायला आलं तेव्हा आर्विलने गुंडाळ्यातून एक लांब सळई आत घातली. ती लोण्यात जावी तशी गेली. त्याने पाच खांदे बर्फाच्या मोठ्या पेटीत ठेवले, भोवती टॉवेल, वर ग्लेनाच्या आईची गोधडी. बर्फाची पेटी गार ठेवते तशी गरमही ठेवते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. ग्लेनाने मक्याचा पाव आणि व्हिनेगरच्या सॉसची बरणी कोपऱ्यात खोचली. झाकण बांधलं, पेटी कप्पीला अडकवली आणि मागची दोरी हातात धरून आर्विलने पेटी सोडली.

ती डुलत गेली. मधोमध दोर वाकला आणि पेटी पाण्याच्या इतकी जवळ गेली की शिंतोड्यांत दिसेना. एक झाड मुळांसकट तिच्या खालून गेलं, एक फांदी पेटीला घासली, पेटी गिरकी घेऊन थांबली. कुणीतरी माझ्या मागे देवाचं नाव घेतलं. आर्विलने दोरीला हिसका दिला, एकदा, दोनदा. पेटी हलली आणि पुढे निघाली. पलीकडे चार-पाच माणसं कमरेभर पाण्यात उतरली होती, त्यांनी ती छातीशी धरली.

ती खडकावर ठेवून डेन्झिलने गोधडी बाजूला केली. पहिला खांदा बाहेर काढला आणि शिवण उघडली.

वाफ उठली. मावळतीच्या उन्हात ती सोन्यासारखी दिसत होती आणि बराच वेळ तशीच, खांबासारखी उभी राहिली. कुणी पुढे झालं नाही. दोन दिवस उपाशी माणसं, पण कुणीही हात घातला नाही. डेन्झिल टोपी काढून उभा राहिला आणि बाकीच्यांनीही आपापल्या डोक्यावरचं काढलं. मग ती तान्ह्या मुलाची बाई पुढे आली. तिने एक हात मोकळा केला आणि त्या वाफेत धरला, नुसता ऊब घ्यायला. मुलाचाही इवलासा हात बाहेर काढून धरला. तेव्हा कुठे बाकीचे हलले. डेन्झिलने बोटांनी मांस सोडवलं. ते आपणहून सुटून येत होतं. पहिला घास कागदावर घेऊन तो टेकाड चढून चर्चमध्ये गेला, ओमाकडे.

इकडे आम्हीही खाल्लं. चव कशी होती असं लोक मला विचारतात. मला आठवते ती कडेची खरपूस साल आणि आतला रस हनुवटीवरून गळणारा. आम्ही उभ्यानेच खाल्लं, ताटं न घेता, आणि सगळे पलीकडे बघत होतो. ते आमच्याकडे बघत होते.

अंधार पडायच्या आधी डेन्झिलने दोरी हलवली. आर्विलने पेटी ओढून घेतली. ती पुसून स्वच्छ केलेली होती. गोधडीची घडी नीट घातलेली आणि तिच्यावर खांद्याचं एक हाड. पात्यासारखं रुंद, पांढरंशुभ्र. त्यावर मांसाचा कण नव्हता, तंतूही नव्हता. अगदी नेमक्या शिजलेल्या खांद्याचं हाड असंच निघतं, कोरडं, जणू कधी मांसात नव्हतंच. आर्विलने आयुष्यात शेकडो खांदे शिजवले असतील, पण असं हाड त्याच्याही हाताला फार थोड्या वेळा लागलं असेल. त्याने ते दोन्ही हातांत घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. मग पेटीच्या कडेवर तो खाली बसला. ग्लेना त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. आम्ही हळूहळू आपापल्या घरी गेलो.

मंगळवारी हेलिकॉप्टर आलं आणि ओमाला घेऊन गेलं. तोवर पेटीच्या रोज खेपा झाल्या. कोंबडी, हरणाचं मांस, जे ज्याच्या फ्रीझरमध्ये होतं ते धुरावर चढलं, गुंडाळलं आणि गेलं. वाइझमन नवराबायको खाली दूरच्या धरणाजवळ सापडले. त्यांना आम्ही चर्चच्या टेकाडावर पुरलं. लष्कराच्या लोकांनी लोखंडी पूल टाकला तेव्हा पानं गळून गेली होती. डेन्झिलच्या घराचा पायासुद्धा राहिला नव्हता, तेव्हा ओमा दवाखान्यातून सुटली तशी ती दोघं आर्विलच्या मागच्या खोलीत राहायला आली. अख्खा हिवाळा तिथेच काढला.

जानेवारीत एकदा मी त्यांच्याकडे गेले होते. बाहेर बर्फ होतं. आर्विल शेगडीपाशी होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग मी त्याला विचारलं की त्या तीन दिवसांत तुला सगळ्यात जास्त भीती कधी वाटली. मला वाटलं, पूल गेला तेव्हा, असं म्हणेल, किंवा पेटी मधोमध अडकली तेव्हा.

त्याने शेगडीत एक लाकूड सरकवलं.

"पाण्याची नाही वाटली, रोवेना," तो म्हणाला. "पाणी म्हणजे पाणी. ते हाड हातात घेतलं ना, तेव्हा वाटली. एवढं सगळं वाहून चाललं होतं, आणि त्यात एक गोष्ट इतकी बरोबर झाली. ती मी केली असं मला म्हणवेना. डेन्झिलने केली असंही नाही."

मग कुणी केली, असं मी विचारलं नाही. त्यालाही ते सांगायचं नव्हतं. मागच्या खोलीतून डेन्झिलने ओरडून विचारलं की कॉफी या वर्षी होणार आहे की पुढच्या, आणि आर्विल किटली चढवायला उठला.